जेएमएफसीचा (कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेचा) क्लास लावला होता: तीन स्टार, तेही एव्हिडन्सच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) सरांमुळे

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते पण कोर्टातून घरी आलं की डोकंच चालत नाही, आज दुसरा शनिवार आहे म्हणून बसले. पुण्यात नवी पेठेच्या आसपास एमपीएससीवाल्यांचे जे असंख्य क्लास आहेत त्यातच ज्युडिशिअरीचेही आहेत, त्यातल्या एकात मी जून २०२४ पासून साधारण वर्षभर होते. क्लासचं नाव टाकत नाहीये, विचारू नका, आणि खरं सांगायचं तर नावाने फार फरक पडेल असंही वाटत नाही कारण माझ्या रूमवर तिघी तीन वेगवेगळ्या क्लासला होतो आणि रात्री बसलो की तिघींची रडगाणी एकच.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. पाच वर्षांची एलएलबी २०२३ ला झाली, पहिल्याच फटक्यात सगळे विषय पास, वकिलीची सनद घेतली (तेव्हा सनदेला हजारोंनी पैसे मोजले, ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे खुल्या गटाला ७५० च्या वर घेता येत नाहीत, आमचं नशीब) आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात सिनिअरकडे जायला लागले. आठ महिने गेले. काम म्हणजे काय तर तारखा घेणे, झेरॉक्स, नक्कल अर्ज, पुकारा झाला की "सर येतायत" म्हणून उभं राहणे. पगार नाहीच. घरी आत्या येऊन जाऊन विचारायची, "काय गं, कोट घालून रोज जातेस, मिळतं काय?" तर तेव्हा मला जज व्हायचं होतं आणि घाई होती, कारण फ्रेशर म्हणून, म्हणजे वकिलीच्या अनुभवाशिवाय, बसायचं तर वयाची अट २५ ची होती आणि मी २४ ची.

क्लासच्या बाहेर भलामोठा फ्लेक्स. त्यावर काळा कोट घातलेला मुलगा, मागे गाडी, गाडीवर लाल दिवा आणि खाली "सुरुवातीचा बेसिक ७७,८४०". आता बेसिकचा आकडा खरा आहे, पण लाल दिवा मे २०१७ पासूनच बंद झालाय हो! कायदा शिकवणाऱ्या क्लासच्या फ्लेक्सवर सात वर्षांनीही तो पेटलेलाच. मी तेव्हा हसले होते, पण हसून झाल्यावर आत जाऊन ॲडमिशन पण घेतली. ७२ हजार, दोन हप्त्यात. बाबांनी पहिला हप्ता ऑनलाइन नाही तर रोख आणून दिला, पाचशेच्या नोटा, काउंटरवरच्या मुलीने दोनदा मोजल्या, आणि पावती मागितली तर म्हणाली व्हॉट्सॲपला येईल. ती मी मागे लागून छापील घेतली, पुढे तीच कामाला आली.

काउन्सेलिंगला जे सर बसतात (तेच मालक) त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही परीक्षा म्हणजे पूर्व १०० मार्कांची, मुख्य १०० चे दोन पेपर आणि ५० ची मुलाखत, त्यामुळे आवाक्यातली आहे. हे बरोबर. दोन, आणि हे नीट वाचा, "आता कोर्टात जाणं बंद कर. कोर्टात जाऊन वेळ जातो, तू फ्रेशर कोट्यात बसतेस, तिथे जाऊन तारखा घेत बसलीस तर तारखाच घेत बसशील." वाक्य चटकदार होतं. बॅचमधल्या सगळ्यांना हेच सांगितलेलं. मी सिनिअरना फोन करून सांगितलं की सर मी वर्षभर येणार नाही, ते एवढंच म्हणाले, बरं, फायली कपाटात लावून जा.

चांगलं काय ते आधी.

एव्हिडन्सचे सर. त्यांच्यासाठी एकट्यांसाठी मी तीन स्टार देतेय. रिटायर्ड सरकारी वकील, वय सत्तरच्या घरात, हातात नोट्स नाहीत, फक्त बेअर ॲक्ट (नुसता मूळ कायदा छापलेलं पुस्तक) आणि तोही नवा जुना दोन्ही. आमची बॅच सुरू झाली आणि महिनाभरात १ जुलै २०२४ ला नवे तीन कायदे लागू झाले, म्हणजे आयपीसी (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) गेली आणि बीएनएस आली, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रियेचा) गेली बीएनएसएस आली, एव्हिडन्स ॲक्टचा साक्ष अधिनियम झाला. बाकीचे सर गडबडले, हे अजिबात नाही. त्यांनी एक पूर्ण दिवस फक्त जुन्या कलम २७ वर घालवला जे आता २३ च्या परंतुकात गेलंय (पोलिसांसमोरची कबुली पुरावा नसते, पण तिच्यामुळे काही सापडलं तर तेवढाच भाग चालतो). एका मुलाला आरोपी केलं, दोघांना पंच, एकाला पोलीस, आणि आरोपीला म्हणाले बोल, "मी ज्या चाकूने त्याला भोसकलं तो चाकू मी घराच्या छपरात लपवलाय, काढून देतो." मग खडूने फळ्यावर ते वाक्य लिहिलं आणि आम्हाला एकेकाला बोलावून सांगितलं, यातलं कोर्टात किती वाचता येईल तेवढंच ठेवा, बाकी पुसा. कुणी सगळंच पुसलं, कुणी काहीच नाही. शेवटी त्यांनी स्वतः डस्टर घेऊन "ज्या चाकूने त्याला भोसकलं" एवढं पुसलं आणि म्हणाले, १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपिलाचं कोर्ट) पुलुकुरी कोटय्याच्या केसमध्ये हेच पुसलं, चाकू कुठे आहे हे त्याला माहीत होतं एवढंच सापडण्याने सिद्ध होतं, त्याने त्याच चाकूने मारलं हे सापडण्याने सिद्ध होत नाही. तो डस्टरचा आवाज माझ्या अजून कानात आहे. आजही मेमोरंडम पंचनामा (आरोपीचं असं निवेदन पंचांसमोर लिहून घेतलेला कागद) हातात आला की मी आधी मनातल्या मनात डस्टर फिरवते.

ते सर मधेच एकदा म्हणाले होते की मी तीस वर्षं सरकारची बाजू मांडली पण पोलिसांचा वकील नव्हतो, हे दोन वेगळे आहेत, ज्याला फरक कळत नाही त्याने एपीपीचा (सहायक सरकारी वकिलाचा) फॉर्म भरू नये. वर्गात शांतता. हे क्लासच्या ब्रोशरमध्ये कुठेही नाही.

टेस्ट सिरीज पण ठीक. मुख्यचे पेपर हाताने लिहून घ्यायचे, तीन तास, आणि तपासून यायचे. सिव्हिलच्या पेपरात सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता), ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी, काँट्रॅक्ट, स्पेसिफिक रिलीफ हे सगळं येतं आणि मी सीपीसीला कायम घाबरायचे, ऑर्डर कोणती रूल कोणता, पण आठवड्याला एक पेपर लिहून हात बसला. तपासणारे कोण असतात देव जाणे, एकदा मला निबंधात "हस्ताक्षर सुधारा" सोडून एक ओळ शेरा नव्हता आणि मार्क ११.

आता नोट्स. नोट्स म्हणजे विनोद आहे. नवे कायदे आले तेव्हा यांच्याकडे जुने गठ्ठे छापून पडलेले, ते फेकायचे कसे, मग आम्हालाच सांगितलं की सोबत तुलनेचा तक्ता देतोय, तुम्ही पेनाने खोडून नवीन नंबर टाका. आम्ही साठ जणांनी दोन दिवस बसून ३०२ खोडून १०३ लिहिलं, ४२० खोडून ३१८, ३७९ खोडून ३०३. त्यात तक्त्यातच चुका. एका मुलीने टेस्टमध्ये खुनाला बीएनएस ३०२ लिहिलं, सवयीने, आणि ते बरोबर धरून मार्क आले! बीएनएसमध्ये ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम काही बोलणे. म्हणजे तपासणाऱ्यानेही सवयीनेच तपासलं. यासाठी ७२ हजार.

बाकी एसी चालतो, लिफ्ट चालत नाही, अभ्यासिका रात्री अकरापर्यंत, मुलींचं बाथरूम बरं. ॲप सारखं लॉगआउट होतं. पुढे.

मॉक इंटरव्ह्यूचं सांगायलाच पाहिजे. ते लोक प्रश्न आणि उत्तर दोन्ही देतात. "न्यायसेवेत का यायचंय?" याचं उत्तर छापील आहे, त्यात गोरगरिबांची सेवा, संविधानाची मूल्यं, शेवटच्या माणसापर्यंत न्याय असं सगळं आहे, आणि साठच्या साठ जण तेच म्हणणार. मी मॉकमध्ये म्हटलं की सर मला लीगल एडमध्येही काम करायला आवडेल, संविधानाच्या कलम ३९-अ मध्ये मोफत विधी सहाय्य राज्याची जबाबदारी म्हणून १९७६ लाच घातलंय वगैरे, तर पॅनेलवरचे एक जण हसून म्हणाले, "असं पॅनेलसमोर बोलू नकोस, लीगल एड म्हणजे ज्यांची प्रॅक्टिस चालत नाही त्यांचं काम." अहो, आत्ताच तुम्ही मला शेवटच्या माणसापर्यंत न्याय पाठ करायला लावलं ना? शेवटचा माणूस कुठे भेटतो मग, तुमच्या अभ्यासिकेत? हे मी बोलले नाही अर्थात. तेव्हा पाठच केलं.

मग २० मे २०२५.

सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, कनिष्ठ स्तर न्यायाधीश व्हायचं तर किमान तीन वर्षं वकिली हवी, २००२ पासून जी अट काढलेली होती ती परत आली. निघालेल्या भरत्यांना लागू नाही पण इथून पुढच्यांना लागू. दुपारी बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली आणि ग्रुप असा शांत झाला की ॲडमिनने ओन्ली ॲडमिन्स केलंय की काय असं वाटलं. (संध्याकाळी खरंच केलं.)

निकाल मी रात्री वाचला. अनुभव प्रोव्हिजनल सनदेच्या तारखेपासून धरायचा म्हणलंय, लॉ क्लर्क म्हणून काम केलं असेल तर तेही धरायचं, पण नुसती सनद कपाटात ठेवून चालत नाही, प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा दाखला पाहिजे नाहीतर दहा वर्षं जुन्या वकिलाचा दाखला आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची मान्यता. आणि मी काय केलेलं? वर्षभर कोर्टाची पायरी चढले नव्हते, क्लासने सांगितलं म्हणून. सनद २०२३ ची, पण त्यातलं हे एक वर्ष कुठल्या तोंडाने दाखवू, आणि सिनिअर तरी खोटं का लिहून देतील. माझ्याबरोबरच्या ज्या दोघा तिघांनी क्लासचं न ऐकता सकाळी शिवाजीनगर कोर्ट आणि संध्याकाळी लेक्चर केलं, ज्यांना सर वर्गात "अर्धवेळ विद्यार्थी" म्हणून टोमणे मारायचे, त्यांचं काहीच बिघडलं नाही.

निकाल यांना आधी माहीत नव्हता हे मला मान्य आहे, भविष्य सांगायला बसले नव्हते ते. पण प्रकरण सुप्रीम कोर्टात चालू आहे हे वकिलीच्या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल तर मग काय बोलायचं. आणि समजा निकाल उलटा लागला असता तरी कोर्टात जाऊ नका हा सल्ला चुकीचाच होता, हे मला परत गेल्यावर कळलं.

रिफंड मागितला. फ्रेशर बॅच म्हणून पैसे घेतले, फ्रेशर ही गोष्टच उरली नाही, दोन महिने बाकी आहेत तेवढ्याचे द्या. तर म्हणे रिफंड पॉलिसी नाही, तुम्हाला "जेएमएफसी प्लस एपीपी काँबो"मध्ये ट्रान्सफर करतो. एपीपीच्या जाहिरातीत वकिलीचा अनुभव मागतात, हे सर तुम्हीच शिकवलंत ना. शेवटी मी बसून नोटीस लिहिली, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली, सेवेतली त्रुटी वगैरे, छापील पावतीची प्रत जोडून रजिस्टर पोस्टाने. माझ्या स्वतःच्या सहीने गेलेली ही पहिली नोटीस. पंधरा दिवसात १२ हजार परत आले आणि मालकांचा फोन, "ड्राफ्टिंग छान आहे तुझं." घ्या, रिव्ह्यू तर तिकडूनही चांगला आला.

जून २०२५ ला परत सिनिअरकडे. फायली कपाटात मी लावल्या होत्या तशाच होत्या. पुढे काही महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी लीगल एड डिफेन्स काउन्सेलच्या ऑफिसला असिस्टंटची जागा निघाली, मी अर्ज केला, मिळाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) २०२२ ची योजना आहे, चीफ, डेप्युटी, असिस्टंट असे पूर्णवेळ वकील असतात, फक्त फौजदारी, आणि खासगी केस घ्यायची नाही. करारावर असतं, कायम नाही, ७७,८४० तर स्वप्नातही नाही, हे घरी सांगताना घाम फुटला होता. पण असिस्टंटला तीन वर्षांच्या आतले वकील चालतात, म्हणजे माझ्यासारख्याला रोज स्वतः उभं राहून बोलायला मिळतं, तारखा घ्यायला नाही.

एक केस सांगते, नाव गाव काढून. ऊसतोडीला आलेला माणूस, दुसऱ्या जिल्ह्यातला, विहिरीवरची पाण्याची मोटर चोरली म्हणून आत. बीएनएस ३०३. मी जेल व्हिजिटला गेले तेव्हा कळलं की याला जामीन होऊन तेवीस दिवस झालेत. तेवीस! ऑर्डर झालेली, पंधरा हजाराचा जामीनदार द्या म्हणून, आणि जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे असा माणूस, तो परक्या मुलखात याला कोण देणार, टोळी तर पुढच्या फडावर निघून गेलेली. त्याला वाटत होतं जामीन नामंजूर झालाय. मला म्हणाला, "मॅडम, फी किती?" म्हटलं फी नाही. तर त्याने तोंड फिरवलं. फुकटचा वकील कसला वकील असतो, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट. मग बाजूच्या बराकीतल्या एकाने सांगितलं की या बाई येतात नेहमी, सही कर, तेव्हा अंगठा दिला.

३१ जानेवारी २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, त्यात स्पष्ट आहे की जामीन होऊन सात दिवसात माणूस सुटला नाही तर जेल सुपरिटेंडेंटने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि स्थानिकच जामीनदार हवा हा हट्ट लोकांच्या सुटकेत अडथळा ठरतो. तो आदेश लावून अट शिथिल करायचा अर्ज केला, जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच हमीवर सोडा म्हणून. अर्ज दीड पानाचा. सुनावणी चार मिनिटं. एपीपी मॅडमनी "योग्य तो आदेश व्हावा" एवढंच म्हटलं. न्यायाधीश माझ्याच वयाच्या असतील, दोन तीन वर्षांनी मोठ्या फार तर, त्यांनी फाईल मागे उलटून जामिनाची तारीख बघितली, बोटांवर दिवस मोजले, आणि शिरस्तेदारांना म्हणाल्या, "हे आधी कुणी माझ्यासमोर का आणलं नाही?" कोर्टात कुणीच बोललं नाही. ऑर्डर झाली, संध्याकाळी मेलवर जेलला गेली, तो दुसऱ्या दिवशी सुटला. मला भेटायला वगैरे आला नाही, कशाला येईल, फडावर गेला असेल.

तर हे सगळं क्लासमध्ये कुठे होतं? जामिनाचं प्रकरण एका लेक्चरमध्ये उरकलेलं, जामीनदार आणि मुचलका तर "परीक्षेला येत नाही, पुढे चला". येत नसेलही. पण त्या मॅडमना बोटांवर दिवस मोजता आले ते त्यांनी कुठल्यातरी तालुका कोर्टात जामीनदारांची रांग बघितली असणार म्हणून, असा माझा आपला अंदाज.

मला अजूनही जज व्हायचंय बरं का. तीन वर्षं भरली की फॉर्म भरणार. उत्तनच्या ज्युडिशिअल अकॅडमीचा (न्यायाधीशांचं ट्रेनिंग होतं ती) फोटो अजून माझ्या टेबलावर चिकटवलेला आहे.

ज्यांना क्लास लावायचाय त्यांनी लावा, पण पूर्ण फाउंडेशन पॅकेज घेऊ नका, फक्त टेस्ट सिरीज घ्या आणि एव्हिडन्सची लेक्चरं वेगळी मिळतात का विचारा (मिळतात, सांगत नाहीत). पैसे हप्त्याने द्या आणि छापील पावती घ्या. कोर्ट सोडा म्हटलं तर उठून या. बेअर ॲक्ट नवीन विकत घ्या, यांचे खोडलेले गठ्ठे नको. आणि कुणाच्या घरचं माणूस कोठडीत असेल आणि वकिलाला पैसे नसतील तर १५१०० ला (विधी सेवेची हेल्पलाइन) फोन करा, कोठडीतल्या माणसाला आणि बायकांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ आहे, हे क्लासच्या रिव्ह्यूत कशाला म्हणाल तर वाचणाऱ्या दहातल्या एकाला तरी उपयोग होईल.

जाता जाता एक. मागच्या महिन्यात बॅचमधल्या मैत्रिणीने क्लासच्या नवीन फ्लेक्सचा फोटो पाठवला. त्यात खालच्या रांगेत डावीकडून तिसरी मी आहे, ॲडमिशनच्या फॉर्मवरचा फोटो, खाली "विधी सेवेत निवड, हार्दिक अभिनंदन". ज्यांची प्रॅक्टिस चालत नाही त्यांचं काम म्हणणारे हेच ते. माझ्या डोक्यावर अर्धा लाल दिवा पण आलाय. काढा म्हणून मालकांना दोनदा मेसेज केलाय, निळे टिक आलेत, फ्लेक्स अजून तिथेच आहे.